कच्ची आडत, पक्की आडत

आमचे कारकून बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर मुलाकडे नाशिकला राहायला गेले, त्या आठवड्यात मला एक गोष्ट कळून चुकली. अमरावतीत इतकी वर्षे वकिली मी करीत नव्हतो, ते करीत होते. मी फक्त काळा कोट घालून उभा राहत होतो. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे, कोणत्या पक्षकाराने फी बुडवली आहे आणि कोणाकडे ती मागायची नसते, हे सारे त्यांच्या डोक्यात होते आणि ते डोके आता गोदावरीकाठी सकाळचे फिरायला जात होते.

नवा माणूस मिळेना. कोर्टात धावपळ करायला एक ज्युनिअर होता, पण टेबलाजवळ बसून तारखा लावणारा, मसुदे टाइप करणारा, पक्षकारांना आठवण देणारा कोणी टिकेना. एक आला, तो आठ दिवसांत स्पर्धा परीक्षेच्या क्लासला गेला. दुसरा आला, तो का गेला हे अजून कळलेले नाही. शेवटी पुण्याहून सूनबाईंनी विचारले, "बाबा, माणूस अमरावतीतच कशाला हवा? तारखा संगणकावर दिसतात, कागद फोनवरून जातो. अकोल्याच्या एक बाई घरी बसून अशी कामे करतात. बघा बोलून."

या प्रकाराला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात असे त्यांनी सांगितले. कोशात पाहिले तर मराठी प्रतिशब्द ‘आभासी सहायक’. शंकराचार्यांना आवडला असता असा शब्द! अलीकडे याच नावाची यंत्रेही निघाली आहेत, फोनला विचारले की तो उत्तर देतो. त्यांच्याविषयी मी लिहीत नाही. मी लिहितो आहे ते अकोल्याच्या एका जिवंत बाईंविषयी. वाणिज्य शाखेच्या पदवीधर, पूर्वी एका कचेरीत टायपिस्ट, २०२०च्या टाळेबंदीत नोकरी गेली तेव्हापासून घरूनच काम करतात. माझ्याखेरीज पुण्याचे एक डॉक्टर आणि दुबईतला एक मराठी व्यापारी यांचेही काम त्यांच्याकडे आहे. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला साहेब म्हणतात.

अकोला काही लांब नाही. बडनेरा, मूर्तिजापूर, की आलेच. २०२२च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम झाला, तेव्हा आम्हा वऱ्हाडकरांची छाती फुगली होती. पण गंमत अशी, की असा रस्ता हाताशी असताना पहिले चौदा महिने ना मी अकोल्याला गेलो, ना त्या अमरावतीला आल्या.

पहिला महिना फार वाईट गेला. जुन्या कारकुनांना मी सांगत असे, "ते नेहमीचे पत्र टाका." ताईंना तेच सांगितले. त्यांनी विचारले, "कोणते, साहेब?" मला राग आला. रागाचे कारण असे, की ते पत्र कोणते हे मलाही नीटसे सांगता येईना. बत्तीस वर्षांत ‘नेहमीचे’ म्हणजे काय हे मी कधी शब्दांत मांडलेच नव्हते.

त्यात माझ्या मनात एक संशय. कारकून समोर बसलेला असला की तो काम करतो आहे हे दिसते. (दिसते एवढेच, तो पेन हातात घेऊन झोपतो हेही मी पाहिले आहे.) पण अकोल्यात बसलेल्या माणसाचे काय? म्हणून मी तासातासाला विचारू लागलो: झाले का? कुठवर आले? त्या बिचाऱ्या काम बाजूला ठेवून मला उत्तर देत आणि मग काम लांबे. मी मनात म्हणे, पाहा, लांबले की नाही!

तेव्हा मला आजोबांची आठवण व्हायला हवी होती. ती उशिरा झाली.

आजोबा अकोल्यात कापसाच्या एका पेढीवर गुमास्ते होते. न दिसणाऱ्या माणसाबरोबर धंदा करणे ही वऱ्हाडात नवी गोष्ट नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चालले, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना आमच्या कापसाची आठवण झाली. पाठोपाठ आगगाडी आली. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारापर्यंत खास फाटा टाकला गेला आणि त्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई विलायतेला जोडली गेली आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात बोलला जाऊ लागला. राली, फोल्कार्ट अशा परदेशी कंपन्या इथला कापूस घेत. फोल्कार्टची तर गोष्टच मजेची आहे. दोन स्विस भावांनी १८५१ साली एकच पेढी एकाच वेळी दोन ठिकाणी उघडली, एक भाऊ स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला आणि दुसरा मुंबईत. पत्र पोचायला तेव्हा महिना-दीड महिना लागे. तासातासाला ‘झाले का?’ विचारण्याची सोय नव्हती, म्हणून तर पेढी चालली असावी.

आजोबांच्या पेढीचा मुंबईतला आडत्या काळबादेवीला होता. आजोबांनी त्याला एकोणीस वर्षांत एकदाच पाहिले, तेही त्याच्या मुलीच्या लग्नात. व्यवहार सगळा पत्रांवर आणि तारांवर. तारेला शब्दामागे पैसे पडत, म्हणून जगभरचे व्यापारी सांकेतिक शब्द वापरीत. विलायतेत १८७३ साली ‘ए.बी.सी. कोड’ नावाचा मोठा छापील ग्रंथच निघाला होता. आमच्या पेढीचा ग्रंथ म्हणजे आजोबांच्या वहीचे शेवटचे पान. त्यात ‘आजी बरी’ म्हणजे भाव टिकून आहे, थांबा. आणि ‘आजी आजारी’ म्हणजे भाव पडणार, आहे ते विका.

पुढे काय झाले ते वाचकांनी ओळखलेच असेल. माझे काका शिकायला मुंबईत होते आणि त्याच पेढीवर राहत. एकदा आजी खरोखरच तापाने फणफणली आणि घरातून काकांना पेढीच्या पत्त्यावर तार गेली. ती उघडली मुनीमजींनी. काका संध्याकाळी कॉलेजातून परत येईपर्यंत पन्नास गाठी विकल्या गेल्या होत्या! दैव असे, की दोन दिवसांनी भाव खरोखरच पडला. आजी पुढे वीस वर्षे जगली आणि कोणी धंद्याची बढाई मारू लागला की म्हणे, "मले एक डाव आजारी पडू द्या, मंग पाहा."

आजोबांच्या त्या वहीत रोजच्या पत्राच्या नकला असत. त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक पत्रात चार गोष्टी आहेतच: काय करायचे, कोणत्या भावापर्यंत करायचे, तो भाव ओलांडला तर काय करायचे आणि कालच्या पत्राचे उत्तर. ‘नेहमीप्रमाणे करा’ असे एकाही पत्रात नाही. जो माणूस आपला चेहरा पाहू शकत नाही त्याला नुसते हूं म्हणून चालत नाही, हे त्या चौथी शिकलेल्या गुमास्त्याला ठाऊक होते. त्याच्या एलएल.बी. नातवाला ते शिकायला एक फटका खावा लागला.

दर्यापूर तालुक्यातला एक शेतकरी. खारपाणपट्ट्यातली कोरडवाहू जमीन, भावाभावांतला वाटणीचा दावा. खालच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला. अपील करायचे ठरले. मी त्या दिवशी दुसऱ्या कामात होतो. फोनवर ताईंना दोन ओळी लिहिल्या, "निकाल विरुद्ध गेला. अपील करायचे. मुदत लावून ठेवा."

आता ज्यांना कोर्टाचे पाणी लागलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे हुकूमनाम्यावरचे अपील उच्च न्यायालयात असेल तर नव्वद दिवस मिळतात आणि जिल्हा न्यायालयात असेल तर तीसच. कोणत्या कोर्टात जायचे ते दाव्याच्या किमतीवरून ठरते. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वजा होतात हे खरे, पण त्या भरवशावर कोणी शहाणा वकील झोपत नाही. मुदत गेली तर उशीर माफ करा म्हणून अर्ज देता येतो. त्या अर्जावर वर्ष जाऊ शकते, आणि तोवर समोरचा भाऊ वावरात नांगर घालून मोकळा होतो.

सत्ताविसाव्या दिवशी तो शेतकरी सकाळीच दारात उभा. हातात कॅलेंडरचे पान. "साहेब, तुमी तीस दिस म्हनलं होतं. मी रोज एक रेघ मारून राह्यलो. आज सत्तावीस झाल्या. अपील टाकलं काय?"

मी मोठ्या तोऱ्यात "हाव, होऊन जाईन" म्हटले आणि आत जाऊन डायरी उघडली. अपिलाची शेवटची तारीख ताईंनी लावली होती ती पुढे दोन महिन्यांनी! माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्याची तर खरीखुरीच सरकणार होती.

अकोल्याला फोन लावला. काय बोलायचे ते मनात जुळवले होते आणि त्यातले एकही वाक्य इथे छापण्यासारखे नाही. ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मी तेव्हा विचारलं होतं. वर जाऊन बघा."

वर जाऊन पाहिले. माझ्या निरोपानंतर दहाच मिनिटांनी त्यांचा प्रश्न होता: "मागच्या अपिलासारखं नागपूरचं धरू ना, साहेब?" आणि खाली माझे उत्तर. अंगठा! उंच केलेला, पिवळा, हसरा अंगठा. प्रश्न न वाचता मी तो दाबून मोकळा झालो होतो. अंगठा मारून लोकांची शेते गेल्याच्या कहाण्या मी कोर्टात रंगवून सांगितल्या आहेत. न वाचता अंगठा मारणाऱ्यांत एक वकीलही आहे, हे त्या सकाळी कळले.

ते दोन दिवस कसे गेले ते सांगत नाही. मी बोलत होतो, ताई अकोल्यात टाइप करीत होत्या. पहिल्या रात्री दोन वाजता तिकडची वीज गेली, तेव्हा त्या संगणक मांडीवर घेऊन शेजारच्या इन्व्हर्टरवाल्या घरी जाऊन बसल्या. एकोणतिसाव्या दिवशी दुपारी अपील दाखल झाले. शेतकऱ्याला यातले काही ठाऊक नाही. हा अंक त्याच्या हाती पडला तर ठाऊक होईल.

संध्याकाळी मी पुन्हा फोन केला आणि चूक माझी होती असे सांगितले. पक्षकारांना रोज जबाब शिकवणाऱ्या माणसाला एवढे एक वाक्य बोलायला किती जड जाते! त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "साहेब, चुकीचं काही नाही. पण तुम्ही रागावलात की घाईत आहात हे मला कळत नाही. ऑफिसात असते तर चेहरा बघून पुन्हा विचारलं असतं. इथून दोनदा विचारायची भीती वाटते. माणूस चिडला तर काम जातं. एकानं असंच बोलणं थांबवलं आणि दोन महिन्यांचे पैसेही थांबले."

त्या रात्री आजोबांची वही काढली.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. सकाळी सव्वानऊला मी त्यांना एक पत्र बोलून पाठवतो. त्यात दिवसाची कामे, प्रत्येकाची मर्यादा आणि आदल्या दिवशीच्या प्रत्येक प्रश्नाचे शब्दांत उत्तर. अंगठा बंद. संध्याकाळी सहाला त्यांचे पत्र येते: काय झाले, काय राहिले, कशावर अडले. मधल्या वेळात मी फोन करीत नाही. पहिले काही दिवस हात शिवशिवत, मग तंबाखू सुटावी तशी ती सवय सुटली. तारखा त्या कोर्टाच्या संकेतस्थळावर दाव्याच्या सोळा अक्षरी क्रमांकावरून रोज पडताळतात. मुदतीची बाब मात्र दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि जुळली तरच डायरीत चढवायची. पैसे एक तारखेला. जुन्या पेढ्यांचा हिशेब दिवाळीला होई, पण ज्याचे घर महिन्यावर चालते त्याला दिवाळीपर्यंत थांबवणे ही सावकारी झाली.

गुप्ततेचे एक काम राहिले होते. वकिलाने पक्षकाराचे गुपित फोडू नये हे सर्वांना माहीत असते, पण हे बंधन त्याच्या कारकुनालाही आहे. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात ते होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही आहे. मी हे कलम त्यांना फोनवर वाचून दाखवले. अकोल्यात बसले तरी कारकून तो कारकूनच, असे मी त्यावर भाष्य केले. त्या हसल्या. "सासूबाई रोज विचारतात, आज कोणाचं भांडण होतं? मी सांगते, जमिनीचं. त्याच्यापुढे त्या विचारत नाहीत. वऱ्हाडात सगळ्यांचंच जमिनीचं असतं."

मर्यादा ठरवणे हे यातले खरे अवघड काम निघाले. आडतीच्या कायद्यात एक सुरेख भेद आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९०५ साली भगवानदास नरोत्तमदास विरुद्ध कानजी देवजी या खटल्यात तो तपासला गेला होता. कच्चा आडत्या हा मधला माणूस. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाच्या हुकुमाप्रमाणे तो सौदा जुळवून देतो. पक्क्या आडत्याचे तसे नाही. तो त्या गिऱ्हाइकाला स्वतः बांधलेला असतो. समोरचा व्यापारी कोण, तो पैसे देतो की बुडवतो, हे गिऱ्हाइकाने पाहायचे नाही, जबाबदारी आडत्याची. हे मी विद्यार्थिदशेत घोकले होते. आपल्या टेबलावर ते लावून पाहण्याची बुद्धी पस्तीस वर्षांनी झाली. मी ताईंना कच्च्या आडतीवर ठेवले होते आणि अपेक्षा पक्क्या आडतीच्या करीत होतो.

मग हळूहळू एकेक बाब पक्की करीत गेलो. पक्षकारांना तारखेची आठवण कशी आणि कधी द्यायची ते त्यांनी ठरवावे, मला विचारू नये. फीची बिले त्यांनी करावी, मी फक्त रक्कम सांगावी. हे सगळे एका दिवसात दिले असते तर पुन्हा नागपूरचा अंगठा झाला असता. एक बाब द्यायची, महिनाभर पाहायचे, मग पुढची. जे द्यायचे नाही तेही स्पष्ट सांगायचे. कायद्याचा सल्ला, तडजोडीची रक्कम आणि मुदत या तीन गोष्टी माझ्याकडेच.

गेल्या पावसाळ्यात याची परीक्षा झाली. एका वकीलमित्राने भर कोर्टात मला टाकून बोलला असे वाटले, आणि रात्री अकराला मी त्यांच्या नावे एक पत्र बोलून ताईंकडे पाठवले. सकाळी लगेच रवाना करा, असे बजावले. सकाळी पाहतो तो माझ्या खोक्यात ताईंची चिठ्ठी. "पत्र टाइप केलं आहे. पाठवलं नाही. तुम्ही चहा घेतल्यावर एकदा वाचा, मग सांगा." हुकूम मोडला म्हणून मी क्षणभर तापलो. मग चहा घेतला. मग वाचले. पत्र अजून टाइप केलेलेच पडून आहे, आणि ते वकीलमित्र परवा माझ्याकडे दिवाळीच्या फराळाला येणार आहेत.

आमच्या गावचे दादासाहेब खापर्डे १९११च्या डिसेंबरात शिरडीला गेले आणि १९१२च्या मार्चपर्यंत तिथेच राहिले. एवढे मोठे वकील, पण त्या काळी वकील बाहेरगावी म्हणजे वकिली कुलपात. मी परवा आठ दिवस केरळात होतो आणि एकाही पक्षकाराला पत्ता लागला नाही. यात माझी थोरवी काही नाही, हे वाचकांना सांगायला नको.

शेवटी या मार्चमध्ये अकोल्याला एका लग्नाचे निमित्त झाले आणि आम्ही उभयता ताईंच्या घरी गेलो. दार उघडणाऱ्या बाई मला फोनवरच्या आवाजापेक्षा बऱ्याच लहान वाटल्या. मीही त्यांना आवाजापेक्षा म्हातारा वाटलो असेन. सासूबाईंनी पाणी दिले आणि पहिला प्रश्न विचारला, "ते दर्यापूरवाल्याचं काय झालं?" ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आई, मी तुम्हाला गाव कधी सांगितलं?" सासूबाई म्हणाल्या, "त्या राती शेजारच्या घरी तू मोठ्यानं वाचून राह्यली होती, बाई." कलम १३२ची ही अवस्था! मी सांगितले, अपील दाखल झाले आहे, सुनावणी व्हायची आहे.

ताईंचे टेबल खिडकीशी होते. बाहेर तुळस, टेबलावर संगणक आणि भिंतीवर चिकटवलेला एक कागद. मी चष्मा लावून जवळ गेलो तशी त्या पुढे होऊन तो काढू लागल्या, पण तोवर मी वाचला होता. सुवाच्य अक्षरात लिहिले होते:

‘बघू’ म्हणजे नाही.
‘हं’ म्हणजे वाचलेले नाही.
‘ठीक’ म्हणजे रागावले आहेत, संध्याकाळी विचारावे.
‘लगेच’ म्हणजे उद्या दुपारपर्यंत चालेल.
‘कृपया लगेच’ म्हणजे लगेच.
अंगठा – फोन करावा.

सौभाग्यवतींनी तो कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला आणि ताईंना म्हणाल्या, "याची एक नक्कल मला द्याल का?"